कळलेले नाही, हे कळणे : वर्धा योजनेतील वाचनाचा विसरलेला पाठ

वर्धा शिक्षण योजनेचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे टकळी येते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा केंद्रबिंदू आणि शिक्षकाच्या वेतनापुरते स्वावलंबन, अशी या योजनेची चार कलमी ओळख अध्यापक विद्यालयांच्या क्रमिक पुस्तकांनी करून दिली आणि तीच पाठ करून अनेक पिढ्यांनी परीक्षा दिल्या. टीकाकारांनी याच चार कलमांवर टीका केली, भक्तांनी यांचेच गोडवे गायिले. परिणामी १९३७ च्या डिसेंबरात सादर झालेला डॉ. झाकिर हुसेन समितीचा मूळ अहवाल वाचण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. वाचन कसे करावे याविषयी त्या अहवालात काही मोलाचे सांगितलेले आहे आणि नेमके तेच वाचायचे राहून गेले. प्रस्तुत लेखाचा विषय तो राहून गेलेला भाग हा आहे.

हा विषय आज उकरून काढण्याचे कारण वर्गात आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारा विद्यार्थी मराठी पुस्तकातले पान घडाघडा वाचून दाखवतो. ‘समजले का?’ असे विचारले तर ‘हो’ म्हणतो. त्याचे हे ‘हो’ खोटे नसते. आपल्याला समजले आहे असे त्याला मनापासून वाटत असते. पुस्तक मिटून चार वाक्यांत आशय सांग म्हटले की पंचाईत होते. न समजणे ही तर वाचकाची स्वाभाविक अवस्था आहे. कोणतेही चांगले पुस्तक पहिल्या वाचनात काही ना काही हातचे राखूनच ठेवते. खरी अडचण पुढची आहे : कोणत्या ओळीपासून आपली वाट चुकली, याचा वाचकाला पत्ताच नसतो.

महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे उदाहरण घेऊ. त्यात ‘लोकल फंड’ येतो. आजचा विद्यार्थी तेथे थांबत नाही, कारण ‘फंड’ हा शब्द त्याच्या ओळखीचा आहे. आमदार फंड त्याने ऐकलेला असतो, गावातल्या सभामंडपाच्या भिंतीवर तसे लिहिलेलेही पाहिलेले असते. फंड म्हणजे सरकारकडून मिळणारा पैसा, असे गृहीत धरून तो पुढे जातो. फुल्यांच्या काळी मात्र लोकल फंड हा शेतसाऱ्याच्या जोडीने शेतकऱ्याकडून वसूल होणारा उपकर होता. घेण्याच्या जागी देणे समजले गेल्यावर उताऱ्याचा अर्थ उलटा लागणारच. कठीण शब्दापाशी विद्यार्थी निदान अडखळतो. ओळखीचा शब्द त्याला अडखळूही देत नाही. शब्दकोश हाताशी असून उपयोग नाही, कारण तो उघडावा असे वाटायला आधी शंका यावी लागते.

आपल्या समजण्यावर आपणच नजर ठेवण्याच्या या शक्तीला मानसशास्त्रात ‘मेटाकॉग्निशन’ असे नाव आहे. जॉन फ्लॅवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ते रूढ केले. मराठीत त्याला कोणी ‘परासंज्ञान’ म्हणते, कोणी ‘अधिबोध’. नाव नवे आहे. गोष्ट नवी नाही.

जुनी वाट

आपल्याकडे अध्ययनाची वाटणी श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी केलेली आहे आणि तिचे मूळ बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवादापर्यंत जाते. यातले श्रवण आणि मनन हे दोन टप्पे वेगळे ठेवण्यातच मोठे शहाणपण आहे. ऐकले म्हणजे समजले, असे परंपरेने मानले नाही. ऐकल्यानंतर शंका घ्यायची, ती स्वतःपुढे मांडायची आणि तिचे निरसन होईपर्यंत थांबायचे, हे स्वतंत्र काम मानले गेले. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त श्रवणावर स्वतंत्र समास लिहिले आणि लेखनक्रियेवरही स्वतंत्र समास लिहिला, म्हणजे वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने आपल्या क्रियेकडे क्रिया म्हणून पाहावे, ही दृष्टी सतराव्या शतकातल्या मराठीला परकी नव्हती.

विदर्भाला याहूनही जवळचा पुरावा महानुभावांचा आहे. ‘लीळाचरित्र’ सिद्ध करताना म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसे शोधून त्यांच्या आठवणी मिळविल्या. पुढे मूळ पोथ्या हरवल्यावर पंथीयांनी आठवणीतून पाठ पुन्हा उभा केला, तेव्हा एकाच लीळेविषयी कोणाची आठवण काय सांगते, हे नावानिशी नोंदवून ठेवले. आपल्या ज्ञानाची खात्री कोठे आहे आणि कोठे नाही, हे ग्रंथातच दाखविण्याचा हा प्रामाणिकपणा आजच्या संशोधकालाही हेवा वाटावा असा आहे.

या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती मोजक्यांची होती. पोथी ज्याच्या घरी पोहोचली, गुरू ज्याला लाभला, त्याच्यापुरती ती खरी. बाकीच्या समाजाला ‘मनन करा’ असे सांगणे म्हणजे अन्न न वाढता सावकाश चावून खा म्हणण्यासारखे होते. गावातल्या प्रत्येक मुलामुलीला, आणि तेही सात वर्षांच्या शाळेत, विचारपूर्वक वाचायला शिकवता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाचा आहे. तो विचारला गेलेल्या महत्त्वाच्या ठिकाणांपैकी एक वर्धा.

ऑक्टोबर १९३७

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या मारवाडी विद्यालयात, राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. काही महिन्यांपूर्वीच प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली होती आणि त्यांचे शिक्षणमंत्री परिषदेला आले होते. दारूबंदी केली तर उत्पन्न बुडणार आणि उत्पन्न बुडाले तर शाळा चालणार कशा, या पेचातून गांधीजींनी स्वावलंबी शिक्षणाची कल्पना मांडली होती. परिषदेत ती सर्वांनी मुकाट्याने स्वीकारली असे नाही. प्रा. के. टी. शहा यांनी मुलांच्या श्रमावर शाळा चालविण्याला विरोध केला. खुद्द झाकिर हुसेन यांनीही स्वावलंबनाच्या अट्टाहासातील धोका दाखवून दिला. आणि तरीही योजना तयार करण्याच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच देण्यात आले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदेन, श्रीकृष्णदास जाजू, आशादेवी आणि निमंत्रक म्हणून ई. डब्ल्यू. आर्यनायकम् ही मंडळी होती. विरोध नोंदविणारे शहाही होते. मतभेद असलेली माणसे एका समितीत बसवण्याची ही रीत आज दुर्मीळ झाली आहे.

२ डिसेंबर १९३७ रोजी समितीने अहवाल दिला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली आणि त्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन त्याचे कार्यालय सेगावला, म्हणजे पुढे ज्याचे सेवाग्राम झाले त्या गावी, थाटले गेले.

या अहवालात हस्तव्यवसायाखालोखाल मातृभाषेचा विचार येतो. नीट बोलता, वाचता आणि लिहिता आल्याखेरीज माणसाच्या विचाराला नेमकेपणा येत नाही, ही समितीची भूमिका. त्यानंतर सात वर्षांअखेर मुलाला काय काय यावे, याची यादी दिली आहे. त्यातली वाचनाविषयीची अपेक्षा तीन पदरी आहे. पहिला पदर मूकवाचनाचा : साधारण अवघड मजकूर मनातल्या मनात, समजून आणि बऱ्यापैकी वेगाने वाचता यावा, निदान रोजची वर्तमानपत्रे आणि मासिके वाचण्याइतका. दुसरा प्रकटवाचनाचा : गद्य असो वा पद्य, ते स्पष्टपणे, भावानुकूल आणि आनंदाने वाचता यावे, शाळांतून ऐकू येणारा निर्जीव, कंटाळलेला एकसुरीपणा त्यात नसावा. तिसरा पदर आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : पुस्तकाची अनुक्रमणिका आणि सूची वापरता यावी, शब्दकोश व संदर्भग्रंथ पाहता यावेत आणि ग्रंथालय हे माहितीचे व आनंदाचे साधन म्हणून हाताळता यावे.

हे कोणासाठी लिहिले होते? चौदा वर्षांच्या खेड्यातल्या मुलासाठी. ज्याच्या घरी पुस्तक नाही, ज्याचे आईबाप अक्षरशत्रू आहेत, अशा मुलाने सूची पाहावी, अशी अपेक्षा १९३७ साली सेगावच्या परिसरात बसलेल्या माणसांनी बाळगली.

अनुक्रमणिका आणि सूची ही वरवर किरकोळ वाटणारी साधने आहेत. परंतु सूची उघडणारा वाचक प्रश्न घेऊन पुस्तकाकडे आलेला असतो. आपल्याला काय हवे आहे आणि आपल्याजवळ काय नाही, हे त्याने आधीच ठरविलेले असते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तकाच्या मागे फरफटत जाणारा वाचक निराळा. फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकन प्राध्यापकाने अभ्यासवाचनाची पाच पायऱ्यांची पद्धत १९४६ साली पुस्तकरूपाने मांडली : आधी चाळा, मग प्रश्न करा, मग वाचा, मग न पाहता सांगा, शेवटी पुन्हा पाहा. ही पद्धत पुढे जगभर गेली. तिच्या पहिल्या दोन पायऱ्या वर्ध्याच्या सूचीविषयीच्या कलमात बीजरूपाने दिसतात.

ओघात एक गोष्ट नोंदविली पाहिजे. आजही मराठीत प्रसिद्ध होणाऱ्या वैचारिक पुस्तकांपैकी कितीतरी पुस्तकांना शेवटी सूची नसते. विद्यार्थ्यांना सूची वापरता येत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी आपण त्यांना सूची असलेली पुस्तके किती दिली, हे मराठी प्रकाशनव्यवहाराने एकदा मोजावे.

दोन वाचक

येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. साक्षरता हा शिक्षणाचा शेवट नव्हे आणि आरंभही नव्हे, अशा आशयाचे विधान गांधीजींनी जुलै १९३७ मध्ये ‘हरिजन’मधून केले होते. मुलाने अक्षर गिरविण्याआधी चित्र काढावे, हाताला वळण लागावे, असे ते सांगत. अक्षरज्ञानाला इतके दुय्यम मानणाऱ्या माणसाच्या योजनेत वाचनाविषयी एवढा सूक्ष्म विचार कसा आला?

श्रेयाचा मोठा वाटा अर्थातच समितीचा. झाकिर हुसेन बर्लिन विद्यापीठाचे डॉक्टरेट, सैयदेन इंग्लंडमध्ये शिक्षणशास्त्र शिकून आलेले, आर्यनायकम् आणि आशादेवी शांतिनिकेतनातून आलेले. पण आम्हांला वाटते, विसंगतीचे उत्तर गांधीजी आणि विनोबा यांच्या स्वतःच्या वाचनपद्धतीतही सापडते. दोघेही फार वाचणारे म्हणून ओळखले जात नाहीत. वाचलेले पचवणारे म्हणून ओळखले जातात.

१९०४ साली जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना रेल्वेत गांधीजींनी रस्किनचे ‘अन्टु धिस लास्ट’ वाचले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. त्यांनी आत्मकथेत पुस्तकाचे सार तीन मुद्द्यांत सांगितले आहे. त्यातील एक आपल्याला आधीच माहीत होता, दुसरा अंधुक जाणवत होता आणि तिसरा कधी सुचलाच नव्हता, अशी प्रतवारीही ते लावतात. ही प्रतवारी पुस्तकाची नाही. पुस्तकाच्या उजेडात त्यांनी स्वतःच्या ज्ञानाचा नकाशा काढला आहे. पुढे १९०८ मध्ये त्यांनी या पुस्तकाचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने लिहिला. वाचणे, आपले आधीचे ज्ञान तपासणे, आपल्या भाषेत सांगणे आणि करून पाहणे, असा तो क्रम.

विनोबांची गोष्ट तर खास वर्ध्याची. एप्रिल १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले आणि पुढे नालवाडी, पवनार असे करत याच जिल्ह्याचे झाले. तत्पूर्वी गांधीजींच्या आश्रमातून एका वर्षाची रजा घेऊन त्यांनी वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ उपनिषदे, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य यांचे अध्ययन केले आणि १९१८ साली गांधीजींना पत्र लिहून वर्षाचा हिशेब दिला : काय शिकलो, काय शिकविले, कोणते व्रत कितपत पाळले. वाईतील मुलांनी दळण दळून पैसे मिळवावेत आणि त्यातून वाचनालयासाठी पुस्तके घ्यावीत, असा उपक्रमही त्यांनी तेथे केला. जाते आणि ग्रंथालय यांची सांगड वर्धा योजनेच्या कितीतरी आधी त्यांनी घातली होती. अध्ययनात लांबी-रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची, थोडेच पण एकाग्रतेने वाचावे, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता.

तथापि या इतिहासातले आमच्या मते सर्वांत मोलाचे पात्र विनोबांच्या आई, रुक्मिणीबाई हे आहे. त्यांना गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हते. विनोबांनी मराठी भाषांतर आणून दिले, तेव्हा ते कठीण जाते असे त्यांनी सांगितले. वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली, तेव्हा तीही तशीच अवघड आहे असे सांगितले आणि मग विचारले : तूच का करत नाहीस? घरात पवित्र मानलेल्या ग्रंथापुढे, शिकलेल्या मुलासमोर ‘हे मला कळत नाही’ असे म्हणायला मोठे धैर्य लागते. ज्या स्त्रीला शाळेचा गंध नव्हता, तिच्याजवळ ते होते. त्या नकाराचे फळ म्हणजे ‘गीताई’. ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्याला तिचा आरंभ झाला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. आई १९१८ मध्येच गेलेली होती. भाषांतर हातावेगळे झाल्यावर आश्रमातल्या एका लहान मुलीला ते शिकवून, तिला जेथे अडले त्या जागा टिपून विनोबांनी दुरुस्त्या केल्या. भाषांतराची परीक्षा पंडिताने न घेता अडखळणाऱ्या वाचकाने घेतली. अडखळणे हा वाचकाचा कमीपणा न मानता ती लेखकाला मिळालेली माहिती मानली गेली, हे महत्त्वाचे.

पुढेही विनोबा असेच वाचत राहिले. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या रचनांची त्यांनी निवड केली, धम्मपदाची विषयवार नवी संहिता लावली, कुराणाचे सार काढले. सार काढणे म्हणजे पुस्तक लहान करणे, असा आपला समज आहे. वस्तुतः कशाभोवती काय आहे हे कळल्याशिवाय निवडताच येत नाही. निवड करू लागलेल्या वाचकाला आपले न समजलेले कोपरे लगेच दिसू लागतात.

सूत तुटते तेव्हा

आता टकळीकडे येऊ. अमेरिकेत एलेन मार्कमन यांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिली ते तिसरीच्या मुलांना त्यांनी पत्त्यांचा एक खेळ समजावून सांगितला, पण सूचना मुद्दाम अपुऱ्या ठेवल्या. एका ‘खास पत्त्या’चा उल्लेख केला; खास पत्ता कोणता, हे सांगितलेच नाही. लहान मुलांना यात काही राहून गेले आहे असे वाटले नाही. खेळ समजला, असेच ती म्हणत राहिली. प्रत्यक्ष खेळायला बसल्यावर मात्र ती थबकली. आपल्याला समजलेले नाही, हे त्यांना त्यांच्या हातांनी सांगितले.

या प्रयोगाच्या उजेडात वर्धा योजनेतला हस्तव्यवसाय निराळा दिसू लागतो. पेळू कसा धरावा, पीळ किती द्यावा, हे ऐकून किंवा वाचून समजल्यासारखे वाटते. सूत तुटले की नेमके काय समजलेले नव्हते, ते कळते. तुटलेले सूत निकाल देते आणि तो निकाल अपमान करीत नाही. परीक्षेतला शून्य दोन महिन्यांनी येतो आणि कोठे चुकले ते सांगत नाही. तुटलेला धागा त्याच क्षणी आणि त्याच जागी सांगतो. नई तालीमच्या पद्धतीत कामाचे आधी नियोजन, मग काम, मग नोंद आणि मग आढावा असा क्रम होता. आज किती सूत निघाले, काल किती निघाले होते, फरक का पडला, हे मुलांनी दैनंदिनीत लिहायचे. आपल्या कामाकडे परत वळून पाहण्याची ही सवय हाताच्या कामातून वाचनाकडे नेता आली असती. अहवालातले हस्तव्यवसायाचे प्रकरण आणि मातृभाषेचे प्रकरण यांना जोडणारा पूल हाच होता, असे आमचे मत आहे.

हा पूल पुरा बांधला गेला नाही. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, १९४२ च्या आंदोलनात संघाची प्रमुख माणसे तुरुंगात गेली. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळांची संख्या वाढली, पण ‘समवाय’ या तत्त्वाचे यांत्रिकीकरण झाले. इतिहास, भूगोल, कविता, सारे ओढूनताणून कापसाशी जोडले जाऊ लागले. मुलांसाठी पुस्तके पुरेशी नव्हती. जी सूची वापरावी असे अहवाल म्हणत होता, ती ज्या पुस्तकाला असेल ते पुस्तकच शाळेत नव्हते. १९५९ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानंतर ‘कार्यानुभव’ हा शब्द आला. तो वेळापत्रकात एका तासिकेपुरता उरला. सेवाग्रामला २००५ साली ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली, ही त्यातली आशेची बाजू. एरवी मूळ अहवालाने शिक्षणाला शाप ठरविलेली परीक्षापद्धतीच तेवढी अबाधित राहिली. तिच्या सावलीत गाइड वाढले. कोणता प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर काय आणि ते किती ओळींत लिहायचे, हे सारे गाइड आधीच ठरवून देते. स्वतःला प्रश्न विचारण्याची वाचकाची जागाच ते काढून घेते.

वर्गातले सूत

प्रश्न उरतो तो असा, की कवितेच्या किंवा समाजशास्त्राच्या पानाला सूत कोठून आणायचे? तेथे तुटणारे काहीच नसते. चुकीचा अर्थ लावलेला परिच्छेद तक्रार न करता पुढच्या परिच्छेदाला जागा देतो. म्हणून तेथे तुटण्याची सोय मुद्दाम करावी लागते. अ‍ॅनमरी पॅलिन्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत हेच करते. अक्षरे वाचता येतात पण आशय हाती लागत नाही, अशा सातवीच्या मुलांचे छोटे गट करून त्यांनी चार गोष्टी आळीपाळीने करवून घेतल्या : परिच्छेदाचा सारांश सांगणे, त्यावर प्रश्न तयार करणे, जे अडले ते उघड करणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज करणे. प्रत्येक मूल पाळीपाळीने शिक्षक होई. मुलांच्या आकलनात ठळक सुधारणा झाली. यासाठी ना यंत्र लागते, ना इंग्रजी. खडू-फळ्याच्या वर्गात हे होऊ शकते.

आमच्या वर्गात आम्ही याचे मराठी रूप चालवतो. ‘शेतकऱ्याचा असूड’मधले एक पान घ्यायचे. वाचण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा. वाचताना समासात पेन्सिलीने दोनच खुणा करायच्या : अडले तेथे प्रश्नचिन्ह आणि ‘हे मला ठाऊक आहे’ असे वाटले तेथे टिंब. मग पुस्तक मिटून शेजाऱ्याला आपल्या बोलीत, वऱ्हाडीत म्हणा की झाडीच्या बोलीत, सांगायचे. शेवटी टिंबांकडे परत जायचे. प्रश्नचिन्हांचे निरसन शब्दकोश करतो. ‘लोकल फंडा’सारखे अपघात टिंबांखाली सापडतात. पहिले काही आठवडे समास कोरे राहतात. अडले म्हणून खूण करणे म्हणजे आपले अज्ञान लेखी देणे, असे मुलांना वाटते. आपल्या घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना तर ही भीती अधिक असते. ज्या वर्गात ‘एवढेही कळत नाही का?’ हे वाक्य उच्चारले जाते, तेथे ही पद्धत चालूच शकत नाही. रुक्मिणीबाईंना ‘कळत नाही’ असे म्हणता आले, कारण ऐकणाऱ्याने ते हसण्यावारी नेले नाही.

वाचताना ओळी रंगविणे आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे, या आपल्या विद्यार्थ्यांच्या दोन आवडत्या सवयी. जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासतंत्रांवरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात या दोन्हींची उपयुक्तता कमी ठरली. स्वतःची परीक्षा स्वतः घेणे आणि अभ्यास दिवसादिवसांत वाटून घेणे या दोन गोष्टी वरचढ ठरल्या. पुस्तक मिटून आठवणे हे कष्टाचे असते, रंगविणे सुखाचे. पान पिवळे झाले की काम झाल्यासारखे वाटते, आणि समजल्याचा भास याच सुखातून निर्माण होतो.

हे सारे परीक्षेतल्या गुणांपुरते असते तर एवढा विस्तार केला नसता. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर, हिंगणघाट या भागांतून येणारी आमची मुले घरी वाचणारी पहिली माणसे असतात. पीककर्जाचा करार, पीकविम्याचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरची सूचना त्यांनाच वाचून दाखवावी लागते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. त्याची कारणे अनेक होती आणि ती वाचणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही बारीक टाइपातला तांत्रिक मजकूर घरच्यांना वाचून दाखवणाऱ्या मुलाने ‘थांबा, हे मला नीट कळलेले नाही, विचारून येतो’ असे म्हणणे आणि ‘समजले’ म्हणून पुढे जाणे, यांत किती अंतर आहे, हे या जिल्ह्यांत वेगळे सांगावे लागत नाही. वर्तमानपत्र वाचता यावे, संदर्भ पाहता यावा, गावातल्या सभेचा वृत्तांत लिहिता यावा, अशी यादी करणाऱ्या समितीच्या मनात हाच नागरिक होता.

वर्धा योजनेचा हिशेब मांडताना टकळ्या किती फिरल्या आणि सूत किती निघाले, हे अनेकांनी मोजले. वाचनाविषयीची तिची तीन कलमे मात्र अजून वापरून पाहायची बाकी आहेत. त्यांना निधी लागत नाही, नव्या धोरणाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकाने पान उघडण्यापूर्वी ‘तुम्हांला यातून काय हवे आहे?’ आणि मिटल्यावर ‘कोठे अडले?’ एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. पुढच्या तासाला समासात एखादे जास्तीचे प्रश्नचिन्ह दिसले, तर काम सुरू झाले असे समजावे.